वडवणीत बसून कॉलेजचं बीजगणित ऑनलाइन शिकता येईल का?

बीड-परळी रस्त्यावरच्या वडवणीत एखाद्या मुलीची बारावी कला शाखेतून झाली आहे. दहावीला गणितात कसेबसे ३५ पडले होते. आता तिला डेटा सायन्स किंवा बँकेच्या परीक्षेसाठी पुन्हा गणित शिकायचं आहे. हातात मोबाइल आहे, यूट्यूबवर हजारो व्हीडिओ आहेत. मग अडचण कुठे आहे?

अडचण व्हीडिओंची नाही. दहावीचं बीजगणित आणि कॉलेजचं गणित यांच्यामधली एक पायरी आपल्याकडे गायब आहे. ती कशी भरून काढता येईल, ते समजून घेऊ.

ही मधली पायरी म्हणजे काय?

राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये सहा प्रकरणं आहेत: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. यापुढे बहुपदी, फलन, घातांक, लॉगॅरिदम हे विषय येतात. अकरावी-बारावीला गणित घेतलेल्यांना ते तिथे मिळतात. ज्यांनी घेतलं नाही, त्यांच्यासाठी नंतर परतीचा सरळ रस्ता नाही.

अमेरिकेत हा रस्ता होता. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये 'इंटरमीजिएट अल्जिब्रा' नावाचा कोर्स याच टप्प्यावर असतो आणि तो ऑनलाइनही करता येतो. आपल्याकडेही यूजीसीची कम्युनिटी कॉलेज योजना आली, पण तिचा भर रोजगाराच्या कौशल्यांवर होता. सुटलेलं गणित भरून काढणं हा तिचा हेतू नव्हता.

मग अमेरिकेची नक्कल करायची का?

थांबा. कॅलिफोर्नियाचा अनुभव वेगळंच सांगतो. तिथे प्रवेश परीक्षेत कमी पडलेल्यांना आधी प्राथमिक, मग इंटरमीजिएट अल्जिब्रा आणि त्यानंतर पदवीचं गणित, अशी रांग लावायला लागायची. प्रत्येक टप्प्यावर मुलं गळायची. शिवाय या आधीच्या कोर्सचे क्रेडिट चार वर्षांच्या विद्यापीठात सहसा धरले जात नव्हते. म्हणजे वेळ आणि पैसा खर्च, पण पदवी जागच्या जागी.

२०१७ मध्ये तिथे 'एबी ७०५' हा कायदा झाला. २०२२ च्या 'एबी १७०५' ने तो आणखी कडक केला. बहुतेक विद्यार्थ्यांना थेट पदवीच्या गणितात बसवायचं आणि त्याच वेळी जोडीला जादा तास, सराव आणि मदत द्यायची, असा त्याचा गाभा आहे. त्यानंतर पहिल्या वर्षात पदवीचं गणित पार करणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. नापास होणारेही बरेच राहिले, म्हणून वाद अजून सुरू आहे. आपल्यासाठी धडा एवढाच, की वेगळा कोर्स काढून भागत नाही. शिकताना शेजारी माणूस लागतो.

आज वडवणीतून काय करता येतं?

दहावीचं गणित राहिलं असेल तर जून-जुलैमधली पुरवणी परीक्षा आहे. शाळा सुटून वर्षं झाली असतील तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचाही पर्याय आहे.

बारावीनंतर 'स्वयं' हे केंद्र सरकारचं पोर्टल आहे. २०१७ मध्ये ते सुरू झालं. शिकणं फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार कॉलेजला एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयं'वरून करू देता येतात. पण तुमचं कॉलेज तो कोर्स मान्य करतं का, हे नाव नोंदवण्याआधीच विचारा.

तिसरा पर्याय आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएस पदवीचा. बारावी झालेल्या आणि दहावीला गणित व इंग्रजी असलेल्या कोणालाही अर्ज करता येतो. जेईई लागत नाही. आधी चार आठवडे शिकवतात आणि मग पात्रता परीक्षा घेतात. तिच्या गणितात सरळ रेषा, वर्गसमीकरणं, बहुपदी असे विषय आहेत. थोडक्यात, आपली हरवलेली पायरी तिथे सापडते. मात्र ती चार आठवड्यांत चढावी लागते.

खरी अडचण कुठे येते?

पहिली, भाषा. शाळेत वर्गसमीकरण शिकलेल्या मुलीला स्क्रीनवर 'क्वाड्रॅटिक इक्वेशन' दिसतं. चल म्हणजे व्हेरिएबल, श्रेढी म्हणजे प्रोग्रेशन, बहुपदी म्हणजे पॉलिनॉमिअल. गणित येत असूनही शब्दांपाशीच पाय अडतो. यावर उपाय सोपा आहे. बालभारतीची मराठी आणि इंग्रजी माध्यमाची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. तेच प्रकरण दोन्हींत शेजारी शेजारी ठेवून वाचलं की शब्द ओळखीचे होतात.

दुसरी, तपासणी. क्ष² − ५क्ष + ६ = ० हे उदाहरण घ्या. ऑनलाइन चाचणीत चार पर्याय असतात. एकेक पर्याय समीकरणात ठेवून पाहिला की २ आणि ३ ही उत्तरं सापडतात. अवयव पाडता येत नसले तरी पूर्ण गुण मिळतात. तीन आठवड्यांनी अवघड समीकरण आलं की गाडी तिथेच रुतते. वही उघडून 'इथे चिन्ह चुकलं' असं सांगणारं कुणीतरी लागतं, आणि ते काम आज कोर्स करत नाही.

तिसरी अडचण कॅलेंडरची, आणि ती बीडची खास आहे. ऊसतोडीचा हंगाम साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. दहावीची मुख्य परीक्षा आणि 'स्वयं'चं जानेवारी-एप्रिलचं सत्र, दोन्ही याच काळात येतात. आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले असतात. मुलगी त्यांच्याबरोबर जाते, नाहीतर घर आणि धाकटी भावंडं सांभाळते. जुलै-ऑक्टोबरचं सत्र मात्र हंगामाआधी संपत येतं. अशा घरातल्या मुलांनी निवड करताना हेच सत्र आधी पाहावं.

चौथी, परीक्षा केंद्र. शिकणं ऑनलाइन असलं तरी मुख्य परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. फी भरण्याआधी फॉर्ममधली शहरांची यादी बघा. एसटीचा प्रवास आणि मुक्कामाचा खर्च धरूनच हिशेब करा.

सरकारला काय करता येईल?

नवं पोर्टल काढायची गरज नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. तिच्यात ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं ठरली आहेत. अशा वसतिगृहांत आणि तालुक्याच्या कॉलेजांत आठवड्यातून दोन संध्याकाळी गणिताचा एक शिक्षक बसवता येईल. मुलं व्हीडिओ मोबाइलवर पाहतील, शिक्षक फक्त वह्या तपासेल. कॅलिफोर्नियाने कायदा करून जे जोडीला दिलं, ते इथे एका मानधनात देता येतं.

दुसरीकडे, २०२४ मध्ये चर्चेत आलेल्या राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात वेगळी वाट सुचवली होती. गणित-विज्ञानात २० पेक्षा जास्त पण ३५ पेक्षा कमी गुण मिळाले तर शेरा देऊन पुढे जाऊ द्यायचं, मात्र पुढे हे विषय घेता येणार नाहीत. यामुळे नापासाचा शिक्का टळेल. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी बंद झालेलं दार विसाव्या वर्षी कुठून उघडायचं, याचं उत्तर त्यातही द्यावं लागेल.

तोवर वडवणीतल्या त्या मुलीने काय करावं? जुलैचं सत्र धरावं, दोन भाषांतली पुस्तकं उतरवून घ्यावीत आणि कोर्सला नाव नोंदवण्याआधी वही तपासून देणारा माणूस शोधावा. गावातले निवृत्त गुरुजी किंवा इंजिनिअरिंगला असलेली शेजारची ताईही चालेल.