तक्त्यातील अंक आणि खाटेवरील रुग्ण

अणुवैद्यकाच्या नित्य व्यवहारात सर्वांत अधिक वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-९९एमचा गॅमा स्थिरांक किती, हा साधा प्रश्न घेऊन कोणी दोन ग्रंथ उघडले, तर एक मिलिक्युरी, एक सेंटिमीटर आणि एक तास या एकाच मापाने एका ठिकाणी ०.६ राँटगेन आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ ०.८ राँटगेन असे उत्तर त्यास मिळण्याचा संभव आहे. आणि हा तफावतीचा प्रकार छपाईचा दोष मानून सोयीचा अंक उचलण्याची जी सवय आपल्या अनेक विभागांत रुजली आहे, तिच्याविषयी स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

वस्तुतः दोन्ही अंक आपापल्या जागी यथार्थ आहेत. पहिल्यात १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमा किरणांचीच गणना आहे. दुसऱ्यात १८ ते २१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरणही जमेस धरले आहेत. हे क्ष-किरण शंभर विघटनांमागे जेमतेम सात-आठ. परंतु अशा अल्प ऊर्जेला हवेचा प्रत्येक ग्रॅम गॅमा किरणांच्या मानाने पंचवीस-तीसपट अधिक सहजतेने शोषून घेत असल्यामुळे स्थिरांकात त्यांचा वाटा संख्येच्या मानाने कितीतरी मोठा ठरतो. स्मिथ आणि स्टॅबिन यांनी २०१२ साली अकराशेहून अधिक न्यूक्लाइडांसाठी जी मूल्ये प्रसिद्ध केली, त्यांत गणनेची किमान ऊर्जा १५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट धरली आहे, आणि म्हणूनच त्यांच्या तक्त्यात टेक्नेशियमचा अंक ०.७९५ असा येतो. आता हेच क्ष-किरण शरीराच्या पाऊण सेंटिमीटर जाडीत निम्मे होतात, शिशाच्या कवचापुढे तर त्यांचा टिकावच लागत नाही. तेव्हा किमान ऊर्जेचा दाखला सोबत नसलेला स्थिरांक कामाचा नाही, असे आमचे निश्चित मत आहे.

याहून गंभीर गोष्ट अशी की, स्थिरांकाची व्याख्या बिंदुवत्, आवरणरहित स्रोतासाठी आहे, आणि रुग्ण बिंदू नव्हे. फ्लोरिन-१८ बाबत अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकज्ञांच्या संघटनेच्या कृतिगटाने २००६ साली उघड्या स्रोतासाठी दर मेगाबेकेरेलमागे एक मीटरवर तासाला ०.१४३ मायक्रोसीव्हर्ट हा अंक दिला, पण औषध नुकतेच टोचलेल्या रुग्णासाठी ०.०९२ स्वीकारला, कारण उरलेला सुमारे तृतीयांश भाग रुग्णाचे शरीरच अडवते. आयोडिन-१३१ घेतलेल्या रुग्णास घरी पाठविण्याची अमेरिकन नियामकांची ३३ मिलिक्युरी आणि एक मीटरवर तासाला ७ मिलिरेम ही जोडी पाहावी : ३३ ला २.२ या स्थिरांकाने गुणून अंतराच्या वर्गाने भागले की तोच अंक निघतो, शरीराच्या शोषणाची सूट त्यात कोठेही नाही.

अंदाज अधिक धरला तर बिघडले काय, असे म्हणणाऱ्यांस आमचा सविनय विरोध आहे. भिंतीतील शिशाचा खर्च इस्पितळ सोसते; परंतु तान्ह्या मुलापासून एक रात्र अधिक दूर राहण्याची शिक्षा आई सोसते, आणि ती मीटर हाती असताना केवळ तक्त्याच्या हुकमाने देण्याचा अधिकार कोणालाही नाही. खाटेजवळ हातभर अंतरावर तर वर्गाचा व्यस्त नियमही नीट चालत नाही. तेथे रुजुवात घातलेल्या सर्व्हे मीटरनेच मोजावे.

यापुढे या मासिकाकडे येणाऱ्या लेखांत प्रत्येक स्थिरांकासोबत त्याची राशी, एकक आणि किमान ऊर्जा नमूद असावी, आणि राँटगेनमधील जुने अंक २३.७ ने गुणून दर गिगाबेकेरेलमागे एक मीटरवर तासाला मायक्रोग्रे या मापातही द्यावेत, अशी लेखकांस विनंती आहे.