तेलपाणी

रविवारची सकाळ. गॅलरीत जुने पेपर अंथरलेत, सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केलीये. एका हातात म्हातारा झालेला टूथब्रश, दुसऱ्या हातानं पेडल फिरवणं चालू. एवढ्यात शेजारच्या गॅलरीतून काका डोकावले.

"काय रे, परत बिघडली का?"

"नाही काका. बिघडू नये म्हणून चाललंय."

"मग चालू गाडीला कशाला हात लावायचा?"

काकांचा हा प्रश्न मी गेली अठरा वर्षं ऑफिसात ऐकतोय. फक्त तिथे तो इंग्रजीत असतो. चाललंय ना, मग हात लावू नका. आमच्या धंद्यातला हा जवळजवळ वेदमंत्रच आहे. आणि मला वाटतं, आपल्या घरांची, शहरांची आणि पाठींची जी काय अवस्था आहे, त्यातली बरीचशी या एका वाक्यामुळे आहे. आज त्याबद्दलच लिहायचं ठरवलंय.

आधी सायकल, कारण ती माझ्या आवडीची. आठवड्यातून तीन दिवस मी कोथरूडहून हिंजवडीला सायकलनं जातो. चांदणी चौकाचा चढ, पलीकडचा उतार, आणि सगळीकडे कुठलं ना कुठलं बांधकाम. म्हणजे धूळ. ही धूळ चेनवरच्या तेलात बसते आणि त्याचा पॉलिश पेपर होतो. म्हणून दर रविवारी चेन डिझेलनं घासायची, फडक्यानं कोरडी करायची, मग एकेका कडीवर तेलाचा एकेक थेंब. पेडल उलटं फिरवायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि बाहेर राहिलेलं सगळं तेल पुसून टाकायचं. लोक नेमकं हे शेवटचंच करत नाहीत. तेल आत, पिनेवर हवं. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ बोलावतं.

महिन्यातून एकदा पट्टी घेऊन चेन मोजायची. कुठल्याही एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवायचा. चेन नवी असेल तर तिथून पुढची चोविसावी पिन बरोब्बर १२ इंचांवर येते. पिना झिजतात तशी चेन 'लांबते'. ती पिन एक-सोळांश इंच पुढे गेली की चेन बदलायची. एक-अष्टमांश होईपर्यंत कळ काढलीत, तर तोवर चेननं मागच्या चक्राचे दातेसुद्धा खाल्लेले असतात. मग आठशेच्या चेनबरोबर अडीच हजारांची कॅसेट. मी एकदा भरलेत, म्हणून आकडे पाठ आहेत.

तर असा मी निगा राखणारा माणूस. निदान फेब्रुवारीपर्यंत माझा तसा समज होता.

आई आमच्याकडेच असते. वय बहात्तर. तिच्या बाथरूममधला नळ दिवाळीत गळायला लागला. मी इंजिनीअर! रात्री अकराला खाली बादली लावली, सकाळी सातला मोजलं, पाच लिटर. म्हणजे दिवसाला पंधरा, वर्षाला जवळजवळ साडेपाच हजार लिटर. उन्हाळ्यात सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर येतो, त्याचा अर्ध्याहून जास्त आमच्या एका नळातून चाललाय! हे गणित मी घरात सांगितलं, ऑफिसात चहावर सांगितलं, मित्रांना सांगितलं. सगळ्यांनी 'बापरे' म्हटलं.

नळ मात्र दुरुस्त केला नाही.

"रविवारी बघतो गं." असं म्हणता म्हणता सोळा रविवार गेले. सोळाच्या सोळा रविवारी चेनला तेल मिळालं. नळाखालच्या फरशीवर सतत ओल राहून हिरवट बुळबुळीत थर धरला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे साडेपाचला आई तिथे घसरली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर.

डॉक्टर म्हणाले, मनगटावर निभावलं, खुबा गेला असता तर गोष्ट वेगळी होती. आई मला एका शब्दानं बोलली नाही. उलट म्हणाली, "मीच बघून पाय टाकायला हवा होता." ती रागावली असती तर बरं झालं असतं. बायको मात्र बोलली, आणि एकच वाक्य बोलली. "तुझी सायकल त्या बाथरूममध्ये ठेवली असतीस, तर नळ दिवाळीतच दुरुस्त झाला असता."

त्याच संध्याकाळी मी नळ उघडला. मेन कॉक बंद केला, पान्यानं वरचा नट सोडवला, आतलं झिजलेलं रबरी वायसर काढून नवं बसवलं. वायसर दहा रुपयांचं. वेळ वीस मिनिटं, त्यातली बारा पाना शोधण्यात.

तेव्हापासून हे डोक्यात फिरतंय. मी आळशी होतो का? नाही, सोळा रविवार मी हातात ब्रश घेऊन बसलो होतो. वेळ नव्हता का? होता. मला नळ दुरुस्त करता येत नव्हता का? येत होता. मग?

माझं उत्तर असं आहे, आणि ते मला फारसं आवडलेलं नाही. आपल्याला जी गोष्ट आवडते तिची आपण निगा राखतो, आणि त्यालाच आपला चांगला गुण समजतो. खरं तर तो छंद असतो. चकचकीत चेन बघून मला बरं वाटतं, ग्रूपमधले चार जण विचारतात कुठलं तेल वापरतोस म्हणून. नळाचं वायसर बदलल्याबद्दल कोण विचारणार? 'निगा' हा शब्द फारसीतल्या 'निगाह'वरून आलाय, म्हणजे नजर. निगा म्हणजे आधी बघणं, पाना नंतर. मी त्या नळाकडे गणित म्हणून बघितलं. रोज पहाटे तिथे अनवाणी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या नजरेनं बघितलंच नाही.

ऑफिसात वेगळं काय आहे? वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरनं १९९२ साली घाईघाईत लिहिलेल्या कोडला कर्जाची उपमा दिली. थोडं कर्ज काढून काम पुढं रेटणं ठीक, पण फेडलं नाही तर व्याज चढत जातं. ही उपमा आम्हाला इतकी आवडली की आम्ही ती प्रत्येक मीटिंगमध्ये वापरतो. फेडत मात्र नाही. नवं फीचर काढणाऱ्याचं सगळ्यांसमोर कौतुक होतं, जुनी लायब्ररी बदलणाऱ्याला 'या आठवड्यात तू काय केलंस' असा प्रश्न येतो. एकदा रात्री दोन वाजता आमची अख्खी सिस्टीम बंद पडली, कारण एका सर्टिफिकेटची मुदत संपली होती. आता गंमत बघा, मुदत संपायची तारीख त्या सर्टिफिकेटमध्येच लिहिलेली असते! ती आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होती. आमच्या टीमच्या यादीत ते काम होतं, माझ्याच नावावर होतं, आणि दर वेळी मी ते पुढच्या आठवड्यात ढकलत होतो. पहाटे पाचला ते दुरुस्त केलं म्हणून मॅनेजरनं शाबासकीची मेल पाठवली. आधी महिनाभर केलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. आग विझवणाऱ्याला हार, आणि आग लागू न देणाऱ्याला काही नाही. असो.

शहराचंही तेच. २०१७-१८ मध्ये पुण्यात मोबाइलवरून भाड्यानं घ्यायच्या सायकली आल्या होत्या. काय उत्साह होता! नव्या कोऱ्या रंगीत सायकली फूटपाथवर ओळीनं उभ्या. वर्ष-दोन वर्षांत कुणाचं सीट गायब, कुणाचं चाक वाकडं, काही नुसत्याच कोपऱ्यात गंजत पडलेल्या. मग त्या दिसेनाशा झाल्या. लोकांनी तोडफोड केली हे खरं, लाज वाटण्यासारखं आहे. पण मला वाटतं प्रश्न त्याआधीचा होता. सायकल आणायला उत्साह पुरतो. ती रस्त्यावर टिकवायला रोज सकाळी हवा बघणारा एक माणूस लागतो. त्याच्या नावानं उद्घाटनाची फीत कापता येत नाही.

आणि शरीर? तिथे तर मी पुराव्यासकट गुन्हेगार आहे. एक्केचाळिसाव्या वर्षी कंबर धरली. दिवसभर खुर्चीत वाकलेला, उरलेल्या वेळात हँडलवर वाकलेला. खुर्चीत मांडी आणि पोट यांच्यातला कोन उघडत नाही, सायकलवरही पूर्ण उघडत नाही. पेडल मारताना गुडघासुद्धा कधी पूर्ण सरळ होत नाही. त्यामुळे मांडीच्या मागचे स्नायू आखडतात. सायकल चालवतो म्हणजे व्यायाम झाला, असं मी समजत होतो. व्यायाम झाला, पण एकाच दिशेनं.

मग योगाचा क्लास लावला. पुण्यात अय्यंगार पद्धत शिकवणारे शिक्षक शोधावे लागत नाहीत. बी. के. एस. अय्यंगार इथलेच झालेले, त्यांची संस्था १९७५ पासून इथे आहे. त्यांच्या पद्धतीत पट्टे, लाकडी विटा, खुर्च्या यांचा आधार घेऊन आसनं करतात. माझ्यासारख्या लाकडाला हे वरदानच. पाठीवर झोपून तळव्याला पट्टा अडकवून पाय सरळ वर नेणं, वीरभद्रासनात मागचा पाय ताणून धरणं, भुजंगासन. तीन महिन्यांत कंबर थांबली. आणि अर्थातच, मी क्लासला जाणं थांबवलं. पाच महिन्यांनी कंबर परत आली, मागून मीही परत गेलो. बाई हसून म्हणाल्या, "दुखतंय म्हणून येऊ नका. दुखायचं थांबलं की तुम्ही यायचे थांबता." पतंजलींनीसुद्धा हेच सांगितलंय. अभ्यास पक्का कधी होतो? तर दीर्घकाळ, मध्ये खंड न पाडता आणि आदरानं केला तर. यातला 'आदरानं' मला आता कळायला लागलाय. न दुखणाऱ्या कमरेचा आदर करायचा, म्हणजे ती दुखत नसताना चटईवर उतरायचं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं स्वतः कशाला करायचं? प्लंबर आहे, सायकलवाला आहे. अगदी मान्य. मी 'सगळं स्वतःच्या हातानं करा' पंथाचा नाही. नळाच्या यशानं चढून मी पुढच्याच रविवारी फ्लशच्या टाकीला हात घातला आणि नट इतका आवळला की प्लॅस्टिकचा पाइपच तडकला. घरभर पाणी. प्लंबर आले, पाइप बदलला, पैसे घेतले आणि जाताना म्हणाले, "साहेब, पाना हातात आला म्हणून जोर लावायचा नसतो." हे वाक्य मी ऑफिसात टेबलावर चिकटवून ठेवलंय. तेव्हा दुरुस्ती कुणीही करो. पण बघण्याचं काम बाहेर देता येत नाही. नळ गळतोय हे प्लंबरला फोन करून सांगणारं कुणीतरी घरात लागतंच, आणि ते सोळा रविवार न थांबणारं लागतं.

म्हणून आता मी एक नियम केलाय. रविवारी पहिला अर्धा तास कंटाळवाण्या गोष्टींचा, सायकल त्यानंतर. घरात हिंडायचं आणि ज्या गोष्टीकडे मी आपणहून कधीच गेलो नसतो तिथे जायचं. गॅसच्या नळीवरचं वर्ष वाचायचं. मीटरजवळच्या सेफ्टी स्विचचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडतो का बघायचं (आधी काँप्युटर बंद करा, मी केला नव्हता :-) ). बाथरूमच्या फरश्या ब्रशनं घासायच्या. हो, चेनसाठी जसा ब्रश आहे तसा फरशीसाठीही आणलाय. आणि आईच्या खोलीत पाच मिनिटं नुसतं बसायचं, काय अडचण आहे ते विचारायचं. ती 'काही नाही' म्हणते. मग मी बघतो. गेल्या वेळी कळलं, कपाटाचं वरचं दार तिला एका हातानं उघडत नाही. बिजागरीला तेल घातलं. तेच, चेनचं.

प्लॅस्टर निघून आता दोन महिने झालेत. मनगट अजून पूर्ण वळत नाही. फिजिओथेरपीचे व्यायाम ती घड्याळ लावून करते, एक दिवस चुकवत नाही. भाकरी थापायला घेतली की तिसऱ्या भाकरीला हात थांबतो. ती काही बोलत नाही, परात माझ्या बायकोकडे सरकवते. माझा नियम त्या तिसऱ्या भाकरीला उशिरा आलाय, आणि तो आता कितीही पाळला तरी उशिराच आलेला राहणार.

असो. बरंच लांबलं. काका अजून गॅलरीतच उभे आहेत. मगाशी म्हणाले, "तेल उरलं असेल तर आमच्या दाराची कडी जरा बघशील का, सहा महिने झाले अडकतेय." म्हटलं, आलोच.

चेन वाळलीये, पण आधी कडी. तुमच्याकडे काय गळतंय, काय अडकतंय, तेवढं आज बघून घ्या. उरलेला रविवार तुमचाच आहे.