चेहरा कशाला, म्हणणाऱ्यांना

गावोगाव राबणाऱ्या कार्यकर्त्या बायांची मोठी छायाचित्रं परभणीच्या एसटी स्टँडवर लावा, असं सुचवलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो: काम बोलतं, चेहरा कशाला? प्रसिद्धी मागणं ही आपल्या बायांची परंपरा नाही!

परंपरेचा दाखला याच जिल्ह्यातला घेऊ. गंगाखेडची जनाबाई स्वतःला नामदेवाची दासी म्हणवते. याहून नम्र कोण असणार? पण अभंगाच्या शेवटी ‘जनी’ ही मुद्रा घालायला ती विसरत नाही. तिचे अभंग नामदेवाच्या गाथेतच येतात. मुद्रा होती म्हणून ते ओळखू आले. नसती, तर तेही नामदेवाच्या नावावर जमा झाले असते आणि आपण त्यालाही नम्रताच म्हटलं असतं.

नागपूरला जुलै १९४२ मध्ये भरलेल्या दलित महिला परिषदेतलं बाबासाहेबांचं भाषण आजही सांगितलं जातं. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे होत्या, हे किती जणांना माहीत आहे? अशा बायांना उतारवयात गाठून बोलतं करावं लागलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ते केलं. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली आलं. तोवर ज्या वारल्या, त्यांचं काम बोललं नाही.

दुसरा आक्षेप फ्लेक्सचा. चौकात चेहरे कमी आहेत का? भरपूर आहेत. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा बायांच्या, तरी सरपंचबाईंच्या फ्लेक्सवर सरपंचपतींचाच फोटो मोठा दिसतो. रोग चेहऱ्यांच्या वाटणीत आहे.

तिसरा आक्षेप मात्र वजनाचा आहे: आधी मानधन द्या, मग सत्कार करा. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातल्या आशाताईंना गौरवलं आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला. मानधनाऐवजी फोटो मिळणार असेल, तर अशा प्रदर्शनावर बायांनीच बहिष्कार घालावा. मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. पण हा दोष फोटोचा नाही, त्याखालची मागणीची ओळ पुसून टाकण्याचा आहे. म्हणून प्रत्येक छायाचित्राखाली बाईचं नाव, गाव, काम आणि तिची अडलेली मागणी हवी, तीही तिच्याच शब्दांत. मागणी लिहिलेल्या चेहऱ्यासमोर नुसता हार घालून निघून जाणं पुढाऱ्याला अवघड जातं.

हे शक्य नाही असंही नाही. पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात टिपलेली ग्रामीण कष्टकरी बायांची छायाचित्रं बसस्थानकांवर, कारखान्यांच्या फाटकांपाशी मांडली गेली. ज्यांची ती होती, त्यांच्यासारख्याच बायांनी ती पाहिली.

परभणीकरांनो, जिंतूर, पाथरी, पालम, सोनपेठच्या बायांना विचारून, त्यांच्या परवानगीने यादी करायला लागा. उद्घाटनाला मंत्री नको, आणि कोपऱ्यात कुणा भाऊंचा हात जोडलेला फोटो तर मुळीच नको.