जमिनीखालची पाण्याची लाइन फुटली, तर घराचा विमा कामाला येतो का?

पुणे : सिंहगड रस्त्याच्या बाजूची नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली. एकूण २३ गावं त्या वेळी हद्दीत आली. ग्रामपंचायतीचा दाखला जाऊन महापालिकेचा कर आला, पण जमिनीखाली पाइप होते तेच राहिले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात गुलेन बॅरे सिंड्रोम म्हणजे जीबीएसचे रुग्ण सापडायला लागले. हातापायातली ताकद जाते, काहींना थेट व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं, असा हा आजार. पुणे परिसरात संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काहींचा जीवही गेला. बोट गेलं ते पाण्याकडे. नांदेडच्या विहिरीचं पाणी, टँकर, खासगी आरओचे प्रकल्प, सगळ्यांची तपासणी झाली.

त्या वेळी विहीर आणि टँकरवर भरपूर बोललं गेलं. घराच्या दारातून रस्त्यापर्यंत जाणाऱ्या पाइपाबद्दल मात्र फारसं कोणी बोललं नाही. खरं तर पाणी बिघडायचं एक ठिकाण तिथेच असतं. आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. पाणी बंद झालं की लाइनमधला दाब जातो. शेजारून ड्रेनेजची लाइन किंवा उघडं गटार जात असेल आणि नळाच्या पाइपला बारीक चीर असेल, तर घाण पाणी आत ओढलं जातं. त्यात कोणी नळाला थेट मोटार लावली असेल तर ओढ आणखी वाढते. सकाळी पहिलं पाणी गढूळ येतं, वास येतो, आणि माणूस 'थोडं वाहू द्या, येईल स्वच्छ' म्हणून सोडून देतो.

असा पाइप खोदून बदलायचा तर खर्च कोणाचा? रस्त्यातली मोठी लाइन महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची. तिथून पुढे घराकडे येणारा नळजोड सांभाळायचा घरमालकाने. ड्रेनेजचंही बहुतेक तसंच, घरापासून मुख्य चेंबरपर्यंत मालकाचं. म्हणजे प्लंबर, जेसीबी, फोडलेलं काँक्रीट आणि रस्ता खोदायचं शुल्क, सगळं एका घरावर येतं. इथे लोक विचारतात, घराचा विमा आहे, तो देईल का?

घराच्या विम्यासाठी देशात १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी आहे. विमा नियामक इर्डाने तिचा मसुदा ठरवून दिला, त्यामुळे कंपनी कुठलीही असली तरी मूळ अटी सारख्याच. यात आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, जमीन खचणे हे धोके आहेत. 'पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटणे किंवा ओसंडणे' हाही धोका यादीत आहे. घर म्हणजे फक्त चार भिंती असंही नाही. त्याच जागेतली कंपाउंडची भिंत, सेप्टिक टँक, गोबर गॅस, पक्की पाण्याची टाकी हे सगळं घरात धरलेलं आहे. गावाकडच्या माणसाला ही यादी माहीत असायला हवी, कारण एजंट ती सहसा वाचून दाखवत नाही.

पण यादीतला शब्द 'फुटणे' आहे. पाइप एकदम फुटला, पाणी घरात शिरलं, भिंत, फरशी, वायरिंग गेलं, तर दावा करता येतो. पाइप वर्षानुवर्षं गंजला, जॉइंट सुटला, पिंपळाची मुळं चेंबरमध्ये शिरली, हे मात्र धोक्यांच्या यादीत नाही. कंपाउंडबाहेरचा पाइप तर घराच्या व्याख्येतच बसत नाही. पाणी दूषित होण्याबद्दल पॉलिसीत वेगळं कलम आहे. प्रदूषण विम्यातल्या एखाद्या धोक्यामुळे झालं असेल तरच विचार होतो, नाहीतर नाही. आणि घाण पाण्याने माणूस आजारी पडला तर दवाखान्याचं बिल हा आरोग्य विम्याचा विषय, घराच्या विम्याचा नाही.

अमेरिकेत घराच्या विम्यासोबत 'सर्व्हिस लाइन' नावाची जोड मिळते. थोडा जादा हप्ता भरला की घरापासून रस्त्यापर्यंतची पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन खोदून दुरुस्त करायचा खर्च कंपनी देते. आपल्या ठरलेल्या मसुद्यात तशी जोड नाही. जिथे जमिनीखाली नेमकं काय आहे याचा धड नकाशा नाही, तिथे कंपनी कशाच्या भरवशावर असा विमा विकणार, हाही प्रश्न आहेच.

जमिनीखालचं माहीत नसतं म्हणजे काय होतं, ते २० सप्टेंबर २०२४ ला शहराच्या मध्यात दिसलं. बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ड्रेनेज सफाईचा ट्रक उभाच्या उभा खड्ड्यात गेला. चालक उडी मारून वाचला. असा खड्डा एखाद्याच्या दारात पडला तर? 'जमीन खचणे' पॉलिसीत आहे, पण त्यालाही अपवाद जोडले आहेत. भरावाची जमीन बसली, बांधकाम कच्चं होतं, किंवा खोदकाम अथवा दुरुस्तीच्या कामामुळे जमीन खचली, तर पैसे मिळत नाहीत. आता हवेली, मुळशी, पुरंदरच्या गावांत बघा. ओढा बुजवून पाडलेले प्लॉट किती, आणि जलजीवनच्या पाइपसाठी, केबलसाठी उकरलेले रस्ते किती. अपवादाची ही ओळ नेमकी त्यांनाच लागू पडते.

शेजारी कोणाचा जेसीबी चालून लाइन तुटली, तर विम्यापेक्षा ठेकेदार आणि काम देणारं खातं यांच्याकडे भरपाई मागणं सरळ आहे. खड्डा बुजवायच्या आत फोटो काढावेत, तारीख दिसेल असे, आणि तक्रार लेखी देऊन पोच घ्यावी. बुजवल्यावर कोणीच कबूल होत नाही.

आणखी एक गोष्ट. गृहकर्ज घेतलेल्या बऱ्याच जणांना वाटतं की बँकेने विमा कापला म्हणजे घर सुरक्षित झालं. तो कागद एकदा काढून बघावा. अनेकदा तो कर्जदाराच्या जिवाचा विमा असतो. कर्जदार गेला तर कर्ज फिटतं, घर पडलं तर काही नाही. घराचा असेल तर त्यावर 'भारत गृह रक्षा' किंवा आगीच्या विम्याचं नाव आणि घराचा पत्ता दिसतो. विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावर धरतात, जागेच्या भावावर नाही.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यातलं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज जायला हवा. सोबत पॉलिसीची प्रत, नकाराचं पत्र आणि खड्ड्याचे फोटो लागतील.