सोबतीचीही सावड करा



कॅन्सरच्या पेशंटसोबत पुण्याला कोण जाणार, हे आपल्याकडं बऱ्याच वेळा शेतच ठरवतं. कांदा काढणीला आलाय म्हणून कर्ता गडी अडकतो. दोन वेळच्या धारा आहेत म्हणून घरची बाई अडकते. मग ज्याच्यावाचून रानात काही अडत नाही तो जातो. कॉलेजातलं पोरगं, नाहीतर कमी ऐकू येणारे आबा. कधी कधी पेशंट एकटाच फाइलची पिशवी घेऊन एसटीत बसतो.

माझं मत सरळ आहे. सोबतीला कोण जाणार हे पेशंटच्या गरजेवरून ठरावं, आणि त्या माणसाला शेतातून मोकळं करायचं काम भावकीनं, गावानं उचलावं.

माझ्या थोरल्या वहिनींची केमो पुण्यात झाली. दर एकवीस दिवसांनी एक, अशा सहा फेऱ्या. पुढं रेडिएशन. मी आणि त्यांची बहीण आलटूनपालटून सोबत होतो. त्यातून कळलं ते सांगतो.

डॉक्टर पाच मिनिटांत जे सांगतात त्यातलं निम्मंच पेशंटच्या डोक्यात राहतं, कारण मनात भीती असते. ते लिहून घेणारं दुसरं माणूस लागतं. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, इन्फेक्शन लवकर होतं. हे दिवस पेशंट गावी घरीच असतो. तेव्हा १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर आपल्या मनानं पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नसते. रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन लावायचा आणि निघायची तयारी ठेवायची. ताकद यावी म्हणून मायेनं पुढं केलेलं धारोष्ण दूध त्या दिवसांत नको, उकळूनच द्यायचं. शेणघाण काढायचं कामही पेशंटकडं नको. हे सगळं ध्यानात ठेवणारं माणूस म्हणजे सोबत.

रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, कित्येकदा पाच-सहा आठवडे चालतं. मशीनखाली काही मिनिटंच. तिथं सोबतीला आत जाता येत नाही, पेशंट एकटाच असतो. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, दार उघडल्यावर तुम्ही दिसलात की आजचा दिवस पार पडला असं वाटतं." एवढ्यासाठी दीड महिना पुण्यात राहावं लागलं तरी ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

पुण्यातच वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून चालतं, पेशंटकडून पैसे न घेता. वेदना आणि त्रास कमी करणं हे त्यांचं काम. तिथं पेशंटसोबत घरचं माणूस राहतं आणि घरी गेल्यावर शुश्रूषा कशी करायची हे त्याला शिकवलं जातं. मला हे फार पटतं. घरच्या माणसाला तिथं उपचारातला भागीदार धरलंय.

रेल्वेनंही सोबतीची गरज मानली आहे. कॅन्सरच्या उपचाराला जाणाऱ्या पेशंटला स्लीपर आणि थ्री टायर एसीचं भाडं पूर्ण माफ आहे आणि सोबतच्या एका माणसाला त्यात ७५ टक्के सवलत आहे. हॉस्पिटलचं प्रमाणपत्र लागतं. सोलापूर, मराठवाड्याकडून पुण्याला येणाऱ्यांनी हे जरूर विचारावं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या ठरावीक उपचारांचा खर्च निघतो. पण सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज आणि वाळलेलं पीक कुठल्याच योजनेत बसत नाही. ते आपणच सांभाळायचं आहे.

त्यासाठी नवीन काही शोधायला नको. सावड आपल्याला माहीत आहे, कुठं तिला इर्जिक म्हणतात. आज सगळे तुझ्या रानात, उद्या माझ्या. केमोच्या तारखा साधारण आधीच कळतात, पाण्याच्या पाळीसारख्या. त्या वहीत लिहा आणि प्रत्येक तारखेपुढं दोन नावं टाका. एक धारा आणि वैरणीला, दुसरं मोटर चालू करायला, कारण लाइट रात्रीची असली तर कुणीतरी जागं लागतंच. रक्ताच्या रिपोर्टमुळं तारीख पुढं सरकली तर नावंही सरकवा.

काही जण म्हणतील, प्रत्येकाचंच काम पडलेलं आहे, कुणाला वेळ आहे? पण भेटायला वेळ निघतो. जीप भरून दहा जण पुण्याला जातात, दहा मिनिटं बसतात, केळी ठेवून परत येतात. पेशंटला तेवढी गर्दी आणि सर्दी-खोकला झेपत नाही. त्या दहांतले दोघं जरी त्या दिवशी गोठ्यात गेले, तरी घरचं माणूस निवांत पेशंटजवळ बसेल.

कृषी सहायक आणि सल्लागार मित्रांनाही विनंती. अशा घरच्या प्लॉटचं फवारणी-खताचं वेळापत्रक शेजाऱ्यालाही कळेल इतकं सोपं, कागदावर लिहून द्या. औषधाचं नाव, प्रमाण, तारीख. मालकाला वॉर्डातून फोनवर डोस सांगत बसायला लागू नये.

आणि सोबतीला कोण हवं हे आधी पेशंटला विचारा. सुनेला सासऱ्यापेक्षा बहीण जवळची वाटेल, म्हाताऱ्याला लेकापेक्षा जुना दोस्त. ज्याचं नाव पेशंट घेईल, त्याच्या रानातली कामं आधी वाटून घ्या.