बिनतलवारीचे शिपाई

दिवाळी आली कीं पुण्याकडील मुलांना अंगणांतील मातीच्या किल्ल्याचे वेध लागतात. आमच्या उदगिरांत खराखुरा किल्ला उभा असल्यामुळें म्हणा किंवा आमच्या आळसामुळें म्हणा, ही हौस आमच्या घरीं आजवर कोणीं केली नव्हती. यंदा मात्र पुण्याचा पुतण्या सुट्टीस आला तो मातीच्या शिपायांची टोपलीच घेऊन. किल्ला नको, माजघरांतील मोठ्या पाटावर उदगीरची लढाई मांडूं, असा त्याचा बेत होता.

ही लढाई आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. ता. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं सदाशिवरावभाऊंनीं सलाबतजंग व निजामअल्ली या बंधूंच्या फौजेस याच मुलुखांत जेरीस आणिलें. पुढील तहानें दौलताबाद, अशीरगड, विजापूर यांसारखीं मातबर स्थळें व सुमारें ६० लक्षांचा मुलूख पेशव्यांकडे आला. या यशांत इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा वांटा मोठा होता. हा खान पूर्वीं निजामाच्याच पदरीं होता हें ऐकून पुतण्याची कळी विशेष खुलली.

अडचण पडली ती शिपायांची. टोपलींत महाराज होते, घोडेस्वार होते, ढालतलवार घेतलेले मावळे तर डझनावारी होते. गारदी, गोलंदाज, तोफेचे बैल आणि गाडीवान मात्र एकहि नव्हता. बाजारांत जें खपतें त्याचाच सांचा कारागीर ठेवणार, त्यास दोष कसा द्यावा? आम्हीं वडीलकीच्या नात्यानें सल्ला दिला, "गाडीवानावांचून काय अडलें आहे? आहेत तेवढे मांड."

त्यानें क्षणभर विचार केला आणि विचारलें, "मग काका, तोफा इथवर आणल्या कुणी?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

पाश्चात्त्य देशांत हा पाटावरील लढाईचा खेळ चांगले प्रौढ गृहस्थहि निष्ठेनें खेळतात. इंग्रज लेखक एच्. जी. वेल्स यानें १९१३ सालीं त्यावर एक पुस्तकच लिहिलें. आज तेथील शौकीन सुमारें २८ मिलिमीटर उंचीचे शिपाई जमवितात, रंगवितात आणि लढवितात. त्यांतील कांहींजण रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळांतील सक्तीच्या भरतीचे शिपाई मुद्दाम गोळा करितात. या शिपायांची हकीकत मोठी करुण आहे. चौथ्या शतकांत सरकार जमीनदारांकडून माणसें मागे, आणि ज्याच्यावांचून शेतीचें अडणार नाहीं असा गडी जमीनदार पुढें करी. भरती चुकविण्यासाठीं कित्येकजण स्वतःचा आंगठा तोडून घेत. अखेर इ. स. ३८१ च्या एका कायद्यानें असे दोन अपंग दिल्यास ते एका धड शिपायाच्या जागीं धरावे असें ठरविलें! खेळाच्या नियमांतहि या तुकडीचें मोल थोडें, आणि पळ काढण्यांत तिचा नंबर बहुधा पहिला. तरी ती जमविणारा एकाच्या हातीं जुनी ढाल देतो, दुसऱ्यास चिलखताशिवाय उभा करितो, आणि प्रत्येकाचा चेहरा निराळा रंगवितो.

आपण मात्र 'बाजारबुणगे' हा शब्द आजहि शिवीसारखाच वापरतों. लष्कराबरोबर चालणारीं तीं माणसें लढत नसत हें खरें. परंतु दाणा, वैरण, तंबू आणि दारूगोळा यांवांचून लढणारांनीं तरी काय केलें असतें?

तेव्हां आम्हीं आपला सल्ला मागें घेतला आणि पुतण्यासह माती मळावयास बसलों. येथील काळी माती वाळतांच भेगाळते. पहिले चार बैल दुसऱ्या दिवशीं दुभंगले. मग आमच्या मातुःश्रींनीं चूल घालण्याची जुनी रीत सांगितली: मातींत चाळलेली राख व बारीक भुसा घालून ती रात्रभर मुरूं द्यावी, आणि उन्हांत न ठेवतां सावलींत वाळवावी. त्यानंतर बैल टिकले.

खरी कसोटी बैठकीची. मातीचा शिपाई मोडतो तो बहुधा घोट्याशीं. म्हणून पायांहून रुंद अशी जाड पुठ्ठ्याची चकती घ्यावी, तीवर सरसानें शिपाई घट्ट बसवावा, उरलेल्या जागीं पुन्हां सरस लावून चाळलेली वाळू पसरावी, आणि ती वाळल्यावर जमिनीच्या रंगाचा हात द्यावा. उचलतांना चकती धरावी, शिपायास धरूं नये. गारदी आम्हीं तिघे तिघे एका चकतीवर बसविले. तोफेसाठीं मात्र लांब फळी घेतली आणि तोफ, बैलजोडी व गाडीवान हीं सर्व एकाच फळीवर बसविलीं.

लढाई तीन वेळां झाली. दोनदां भाऊसाहेब जिंकले, एकदां आमच्या हलगर्जीपणानें निजाम. चौथ्या दिवशीं पुतण्या पुण्यास परतला. जातांना त्यानें आपले मावळे टोपलींत भरले आणि गारदी व तोफ येथेंच ठेविली. तीं उदगीरचीं आहेत, असें त्याचें म्हणणें.

तीं आतां आमच्या पुस्तकांच्या फडताळांत आहेत. धूळ झटकावयास आम्ही तोफ उचलतों, तेव्हां गाडीवानहि तिच्याबरोबर हातीं येतो. त्यास मागें ठेवून ती उचलतां येतच नाहीं.