आवडत्या उमेदवारासाठीही नको

मे २०१७ मध्ये बराक ओबामांनी फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीत मॅक्रॉन यांना उघड पाठिंबा दिला. ऑक्टोबर २०१९ मध्ये कॅनडात ट्रुडोंना. ‘आता ते साधे नागरिक आहेत’ हा बचाव लंगडा आहे. त्यांच्या शब्दाला वजन आहे ते माजी राष्ट्राध्यक्ष म्हणूनच. मॅक्रॉन यांच्या प्रतिस्पर्धी मरीन ल पेन यांना सार्वजनिक जागी हिजाबवर बंदी हवी होती. त्या हराव्यात असे मलाही वाटत होते. पण त्यांना हरवण्याचा हक्क फ्रेंच मतदाराचा; त्यात तिथला मुसलमानही आला. आवडत्या उमेदवारासाठी आपण नियम सैल केला, तर उद्या नावडत्यासाठी बाहेरून आलेल्याला कोणत्या तोंडाने अडवणार?